बनावट चुली

हा प्रवास लांबचा नाही. नाशिकहून पेठच्या रस्त्याने सावळघाट उतरायचा, आत वळून एका धरणाच्या काठाशी जायचं आणि परत वर येऊन दिंडोरीच्या बाजूला माळावरची एक वसाहत बघायची. सकाळी निघालेला माणूस मनात आणलं तर रात्री घरी जेवायला पोचतो. मला तो करायला बारा-तेरा वर्षं लागली. त्या बाजूला बघण्यासारखं काही नाही असं लोक म्हणतात. असेलही. मी जे पाहिलं ते लिहितो, आणि पूर्वी जे चुकीचं लिहिलं होतं तेही इथेच लिहून टाकतो.

नाशिक

स्थलांतरित आणि विस्थापित लोकांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत माझी सगळी नोकरी झाली. आम्ही गावोगाव हिंडायचो, माणसं मोजायचो, प्रश्न विचारायचो आणि अहवाल लिहायचो. बहुतेक अहवाल कपाटात जायचे. माझा एक मात्र गेला नाही. त्यातला एक परिच्छेद पुनर्वसनाच्या नियमात शिरला, नियमातून प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत गेला आणि तिथून पूर, जळीत, धरण अशा कामांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडी बसला. आपलं वाक्य कुणाच्या तरी घराच्या भिंतीत विटेसारखं बसावं, यापेक्षा अभ्यास करणाऱ्याला दुसरं काय हवं असतं? माझं वाक्य ज्या घरांच्या वाट्याला आलं, ती घरं बांधलीच गेली नाहीत.

निवृत्तीनंतर एका दुपारी दाराशी एक चाळिशीचा माणूस उभा राहिला. चपला त्याने जिन्याखालीच काढल्या होत्या. दार आमच्या हिने उघडलं.

"चुलीचे साहेब इथंच राहतात का?" त्याने विचारलं.

"गॅसचं काही काम असेल तर एजन्सी खाली कोपऱ्यावर आहे," ही म्हणाली.

तो हसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी काशिनाथ. सातपूरला असतो. आमचा पाडा धरणात गेला. साहेब, एकच विचारायचं होतं. तुम्ही लिहिलेलं खोडता येतं का?"

ही मागे वळून माझ्याकडे बघत राहिली. मी खुर्चीतून उठलो नव्हतो. 

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेठच्या बाजूला एक लहान धरण व्हायचं होतं. त्यात बुडणाऱ्या पाड्यात किती कुटुंबं खरोखर राहतात ते ठरवायचं काम माझ्याकडे होतं. पाड्याचं नाव आता फक्त धरणाला उरलं आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. भरपाईच्या लोभाने बाहेरचे लोक रातोरात झोपड्या उभ्या करतात, हा अनुभव आमच्या गाठीशी होता. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब, ही मोजणीची जुनी रीत. मी तिला एक पुरवणी जोडली होती. प्रत्येक घराला तीन भेटी द्यायच्या, आणि तिन्ही वेळा घर बंद असेल तर ते कुटुंब तिथलं नाही असं धरायचं.

मी गेलो फाल्गुनात, कारण जीप तेव्हाच आतपर्यंत जायची. त्याच दिवसांत पाड्यातली निम्मी माणसं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत जगायला गेलेली असतात. जगायला जाणं हा त्यांचाच शब्द. हे मला ठाऊक होतं. पण मुदत संपत आली होती आणि पावसाळ्यापर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. मीही नव्हतो.

शाळेच्या ओसरीवर मी एकटाच मुक्कामाला होतो. भिंतीशी तीन दगड मांडून भात आणि चहा करून घ्यायचो. पहिल्या दोन भेटी दिवसा दिल्या. बंद घरांच्या दाराला आडवं लाकूड आणि दोरी असायची. तिसरी भेट दिवेलागणीला ठेवली आणि शाळेतून बाहेर पडलो, तर त्या बंद घरांच्या छपरांतून धूर येत होता.

एका दाराची दोरी सोडून मी आत गेलो. अंथरूण नाही, कोंबडी नाही, भांडी नाहीत. मधोमध चूल पेटलेली, तिच्यावर एक मडकं, आणि मडक्यात नुसतं पाणी खदखदत होतं. मी हाक मारली. माझाच आवाज कुडाला लागून परत आला. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्यातही तेच. चौथ्या घराच्या अंधारातून एक बाई खापरीत निखारे घेऊन बाहेर आली आणि मला बघून दचकलीसुद्धा नाही. तिचं नाव बुधी.

"या चुली कोण पेटवतं?" मी विचारलं.

"मी."

"कुणासाठी?"

"ज्यांच्या हायत त्यांच्यासाठी."

"ते कुठं आहेत?"

"हायत की इथंच," ती म्हणाली आणि पाचव्या घरात शिरली.

मी काय समजलो ते उघड आहे. साहेब मोजायला आला म्हणून कुटुंबं वाढवून दाखवायचा हा डाव. 'बनावट चुली' हा शब्द मला त्याच संध्याकाळी सुचला आणि फार आवडला. बंद घरातली पेटती चूल कुटुंब म्हणून धरू नये, असा परिच्छेद मी त्यावरच लिहिला.

दोन बंद घरं मात्र थंड होती. चुलीतली राख भिजून घट्ट झालेली, दगड उलथून ठेवलेले. ती माझ्या म्हणण्यात बसेनात. सगळेच सोंग करत असतील तर या दोघांनी का केलं नाही? पहाटेपर्यंत तेच डोक्यात होतं. सकाळी नाशिकची जीप अचानक आली, म्हणून चुलीवरचा चहा तसाच टाकून मी पळालो. पुढे अहवालातून ती दोन घरं मी गाळली. ती ठेवली असती तर परिच्छेद लंगडा पडला असता.

नंतर बरीच वर्षं मी प्रशिक्षणं घेतली. "धूर हजर, माणूस गैरहजर!" असं म्हणून मी ही हकिकत सांगायचो. वर्ग हमखास हसायचा.

काशिनाथचं घर त्या बंद घरांपैकी एक. तो तेव्हा दिंडोरीजवळ द्राक्षं तोडत होता.

"आता काय झालंय?" मी विचारलं.

"वसाहतीत आमच्या जागा आजवर रिकाम्या पडून होत्या. आता तिथं द्राक्षांच्या पॅकिंगची शेड येतीय. हरकत घेतली तर हापिसात तुमचा कागद दाखवतात."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर त्या कार्यालयात गेलो. खुर्चीवर तरुण अधिकारी बाई होत्या. मला बघताच उभ्या राहिल्या.

"सर! ओळखलंत का? मी तुमच्या प्रशिक्षणाला होते. धूर हजर, माणूस गैरहजर!"

त्या हसल्या. सवयीने मीही हसलो. काशिनाथ शेजारीच उभा होता.

बाईंनी मग सगळं नीट सांगितलं. नियम माझ्या परिच्छेदावर उभा होता. परिच्छेद चुकला असं मीच लिहून दिलं तर फेरपाहणी लावता येईल, पण हरकतीची मुदत महिनाअखेरीस संपत होती. "आणि सर, नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही. मत वेगळं, पुरावा वेगळा. हे तुम्हीच शिकवलंत."

पुरावा शोधायला म्हणून हा प्रवास.

सातपूर

निघायच्या आदल्या संध्याकाळी काशिनाथने जेवायला बोलावलं. कारखान्यांच्या मागच्या गल्लीत, लेथची कामं चालणाऱ्या शेडांच्या ओळीत त्याची पत्र्याची खोली आहे. पाळी सुटली होती. मोटरसायकली, वडापावच्या गाडीभोवतीची गर्दी, आणि कुठेतरी एक प्रेस दण दण चालू. तिच्या प्रत्येक ठोक्याला मांडणीवरचे पेले किणकिणायचे.

त्याच्या बायकोने, मंदाने, भात आणि उडदाचं घट्ट वरण रॉकेलच्या स्टोव्हवर केलं होतं. स्टोव्ह बाहेर, दारापासून चांगला हातभर लांब. खोलीत स्वयंपाकाची जागाच नव्हती.

"पावसात काय करता?" मी विचारलं.

"छत्री धरतो," काशिनाथ म्हणाला. "ती रांधते, मी छत्री धरतो. गल्ली हसते."

"मग आत का नाही ठेवत?"

मंदाने मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं अशा नजरेने बघितलं. "आत कशी ठेवणार? आमची चूल तिकडं पेटती हाय ना. एका घराला दोन चुली व्हत नाय."

एवढं बोलून ती वाढायला वाकली आणि एकदम थांबली. पळी हातातच. मान दिंडोरीकडच्या वसाहतीच्या दिशेला वळली. क्षणभर मला प्रेसचाही आवाज ऐकू आला नाही.

"पेटली," ती म्हणाली आणि वाढू लागली.

"रोज म्हणते," काशिनाथ म्हणाला. "मी हिच्यावर घड्याळ लावतो."

तिकडे फोन नाही, निरोप यायची सोय नाही. मी मान खाली घालून जेवलो. जेवताना खोलीत लाकडाच्या धुराचा वास यायला लागला. कारखान्यांचा असेल असं मी मनाशी म्हणालो. पण सातपूरला मी आयुष्यभर येतो-जातो आहे, कारखान्यांच्या धुराला ऐनाच्या लाकडाचा वास येत नाही.

धरण

सकाळी हिने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, हातावर दही घातलं. मी "येतो" म्हणालो. आपल्याकडे घर सोडताना "जातो" म्हणायची पद्धत नाही. जाणारा परत येणार हे तेवढ्या एका शब्दाने ठरतं, आणि त्याचा पुरावा कुणी मागत नाही.

सावळघाटात पळस फुलला होता. इतका लाल की बघून भूक मरावी. घाट उतरल्यावर लागणाऱ्या पाड्यांत माणूस दिसत नव्हता. ओसरीवर एखादा म्हातारा, अंगणात शेळी, आणि बाकी दारांना आडवी लाकडं. सगळे द्राक्षांकडे. आमच्या जीपवाल्याने रेडिओ लावला होता, तोही मग आपोआप बंद केला. उगाच मोठ्याने बोलल्यासारखं वाटतं, म्हणाला.

धरणाचं पाणी खूप आत सरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि वाळलेले शिंपले पायाखाली कुरकुरत होते. मोहाच्या झाडांचे काळे बुंधे ओळीने उभे होते, जणू कुणी त्यांना थांबायला सांगितलं होतं. काशिनाथ पुढे आणि मी मागे. एका ठिकाणी माझे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत गेले आणि चपला तिथेच राहिल्या. हात घालून चाचपल्या, पण गाळाने त्या परत दिल्या नाहीत. उरलेला दिवस मी काशिनाथच्या एका चपलेवर काढला. एक त्याच्या पायात, एक माझ्या. दोघेही सारखेच लंगडत होतो.

पाडा दिसला. म्हणजे जोती दिसली, गाळाने गुळगुळीत झालेली. काशिनाथ एका जोत्यावर चढला, पण आधी वळसा घालून दाराच्या बाजूला गेला आणि तिथून आत आला. "हे आमचं," म्हणाला.

मधोमध गाळात तीन खळगे होते. चुलीच्या दगडांचे.

"दगड कुठं गेले?"

"बुधीआजीनं उचलून नेले. पाणी चढायच्या आधी पाडा हलवला तेव्हा. आम्ही बागेतच होतो."

पुढच्या जोत्यावर तसेच खळगे. त्याच्या पुढेही तसेच. मग एका कडेच्या जोत्यावर मी थबकलो. इथे दगड होते. तिन्ही उलथे, काळी बाजू खाली. शेजारच्या जोत्यावरही उलथे. मला ती जागा ओळखू आली. चुलीतल्या भिजल्या राखेची ढेकळं डोळ्यांपुढे आली.

"हे दगड का नेले नाहीत?" मी विचारलं.

"ते सुरतेला गेले ना, दोघे भाऊ. कायमचे. चूल विझवून गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय साहेब? कायमचं जायचं तर आपल्या हातानं पाणी ओतायचं, दगड उलथायचे. मग त्या घराचं नाव घ्यायचं नाही. जगायला जाणारा चूल पेटती ठेवून जातो. मागं राहिलेला ती राखतो. थंड चुलीपाशी पूर्वज थांबत नाहीत, निघून जातात. मग परत येऊन कुणाच्या घरात शिरायचं?" त्याने एका दगडावरचा गाळ पुसला. "तुम्ही विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं."

मी विचारलं होतं. बुधीने सांगितलंही होतं. मी त्याला खोटं म्हणून लिहिलं. ज्या घरात धूर होता तिथली माणसं परत येणार होती, आणि ज्या दोन घरांत नव्हता तीच खरी गेलेली. पाड्याने माझ्यासाठी घरं निवडून ठेवली होती. ते मला दिसलं होतं, आणि दिसलेलं मी गाळलं होतं.

निघताना शाळेच्या जोत्यापाशी गेलो. ओसरीच्या भिंतीची एक रांग अजून शाबूत आहे. तिच्या मुळाशी, जिथे मी भात शिजवायचो, तिथे तीन लहान खळगे होते. दगड नव्हते. वाहून गेले असतील असं म्हणून मी वळलो. चुलीचे दगड पाण्याने वाहत नाहीत, हे जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

वसाहत

माळावर पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. सिमेंटची एकसारखी घरं, पाण्याची टाकी, लिंबाची दोन किरटी झाडं. इतर वसाहतींत घरं चिठ्ठ्या टाकून दिली जातात. इथल्या लोकांनी हट्ट धरून पाड्यातलाच क्रम ठेवून घेतला होता. कुणाच्या डावीकडे कोण, उजवीकडे कोण, जसंच्या तसं. त्यामुळे ज्यांना घर मिळालं नाही त्यांच्या जागा मधेमधे रिकाम्या राहिल्या आहेत, तोंडातल्या पडलेल्या दातांसारख्या.

उशीर होतो आहे म्हणून मी अशाच एका मोकळ्या जागेतून सरळ निघालो.

"ओ बाबा! भिंत! भिंत!" नळावरची एक बाई ओरडली. मी दचकून जागच्या जागी उभा राहिलो. पुढे मोकळी जमीन होती, बोटभर गवत होतं. "माघारी व्हा. दार पल्याड हाय. कुणाच्या घरात असं भिंतीतून शिरत्यात व्हय?"

मी माघारी झालो. मग हळूहळू दिसायला लागलं. पोरं धावत येत आणि त्या मोकळ्या जागेच्या कडेने काटकोनात वळत. कपडे वाळत घालायची दोरी एका खुंटाला वळसा देऊन नसलेल्या घराचा कोपरा सांभाळून पुढे गेली होती. एक कुत्रं नसलेल्या उंबऱ्याला पाठ टेकल्यासारखं ताठ निजलं होतं. एक म्हातारा जाता जाता रिकाम्या जागेकडे बघून "काय, झाली का भाकर?" म्हणाला आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवून पुढे गेला. कोंबड्या तेवढ्या कुठूनही जात होत्या, आणि त्या बघून मला जरा धीर येत होता.

काशिनाथ आपल्या जागेत दारातून शिरला. आत तीन दगड होते, काळे, मधे ताजी राख.

बुधीआजी स्वतःच्या घराच्या पायरीवर मिसरी लावत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण चेहरा माझ्याकडे वळलेला. तिच्या बोलीत अहोजाहो नाही.

"आलास? लय उशीर केलास."

"ओळखलंस?"

"चालण्यावरून. येका पायानं लंगडतोस. म्हातारा झालास काय रं?"

"चपला गेल्या गाळात."

ती खदखदून हसली. तिची सून भाकरी घेऊन आली. नागलीची गरम भाकरी आणि खुरासणीची चटणी. पाड्यातल्या मुक्कामात एकदा या सुनेच्याच हातची खाल्ली होती, आणि चव तशीच लागली. दोन घास गेल्यावर बुधीआजी म्हणाली, "काशिनाथानं वाचून दावलं. तू लिवलंस म्हणं, बुधी खोटं बोलते."

मी भाकरी खाली ठेवली. "लिहिलं," मी म्हणालो.

"बनावट म्हंजे काय?"

"खोटी. दाखवण्यापुरती."

"बरं. चल मग."

दिवस मावळला होता. तिने खापरीत निखारे घेतले, काठी घेतली आणि निघाली. पहिल्याच रिकाम्या जागेत, दाराशी थोडी वाकून ती आत गेली. वर छप्पर नव्हतं, तरी वाकून. काटक्या रचल्या, निखारा ठेवला आणि फुंकर घातली. ज्वाळ उठली.

"घाल हात," ती मला म्हणाली.

"काय?"

"खोटी हाय ना? घाल."

मी हात पुढे नेला आणि चटका बसताच मागे ओढला. ती खापरी उचलून पुढच्या घराकडे निघाली.

काशिनाथच्या जागेत ज्वाळ उठली तेव्हा मला सातपूरची मंदा आठवली. आत्ता पळी हातात धरून थांबली असेल. माळावर अंधार उतरत होता, आणि नसलेल्या घरांत एकेक करून चुली पेटत होत्या. धूर सरळ वर न जाता माणसाच्या उंचीहून थोडा वर अडायचा, पसरायचा आणि मग वाट सापडल्यासारखा वर निघायचा, छपरातून निघतो तसा. वाऱ्याने होत असेल. मला तिथे वारा लागला नाही, एवढंच मी सांगू शकतो.

"सुरतेवाल्यांच्या कुठं आहेत?" मी विचारलं. पुरावा मला तिच्या तोंडून हवा होता.

"त्यांच्या कशाला पेटवू? पाणी वतून गेले. आमी रडलो त्यादिशी. गेल्यालं घर उगं पेटवलं तर कोन यायचं त्यात?"

आता वसाहतीतल्या शाळेची खोली तेवढी राहिली होती. तिथे कुणाचं घर असायचं कारण नव्हतं. पण बुधीआजी भिंतीच्या मुळाशी गेली आणि खाली बसली. भिंतीला लागून तीन दगड होते, इतर चुलींच्या दगडांहून लहान.

"ही कुणाची?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

"तुझी," ती म्हणाली.

मी त्या दगडांपाशी खाली बसलो.

"जीप आली नि पळालास. चहा उकळत होता. इझवली नाय, दगड उलथले नाय. म्हंजे येनार." तिने फुंकर घातली. "काशिनाथानं वाचून दावलं तवा सून म्हनली, आता तरी त्याची पेटवू नको. मी म्हनलं, चूल त्याच्या लिवन्यावर नाय पेटत."

जाळ धरला. भिंतीवर सावल्या पडल्या. तिची एक, काशिनाथची एक, माझी एक. मला आणखीही काही दिसल्या. मी मोजल्या नाहीत. आयुष्यभर मोजायचं काम करून त्या दिवशी पहिल्यांदा मला मोजायची भीती वाटली.

बुधीआजीने तांब्या पुढे केला. "जायचं असल कायमचं, तर इझव. म्हंजे मला येक फुंकर कमी."

तांब्या जड होता. मी घरून निघालो तो खरं तर यासाठीच. लिहून द्यायचं, चूक मान्य करायची, आणि मग यातून मोकळं व्हायचं. पाणी ओतलं की झालं असतं. मी तांब्या तसाच खाली ठेवला आणि म्हणालो, "येतो."

"मग पुढल्या खेपेला लाकडं आन," ती म्हणाली. "फुकट किती जाळू?"

परत नाशिक

मुदतीच्या आत मी लिहून दिलं. सुरतेला गेलेल्या भावांची दोन घरं, उलथे दगड, खळगे, आणि मी गाळलेली ती भिजली राख, सगळं. अधिकारी बाईंनी पुन्हा पुन्हा वाचलं. वाचताना एकदाही हसल्या नाहीत. शेडचं काम त्यांनी थांबवलं आहे. फेरपाहणी पावसाळ्यात होईल, माणसं बागांतून घरी आलेली असताना. चूल कोण राखतं हा प्रश्न या खेपेला यादीत घातला आहे. जागा मिळतीलच असं अजून कुणी म्हणत नाही. मंदा अजून स्टोव्ह बाहेरच लावते.

बाईंनी शेवटचं एक विचारलं. साक्ष देणाऱ्या प्रत्येकाला विचारावंच लागतं, म्हणाल्या. "या वसाहतीत तुमचा स्वतःचा काही संबंध नाही ना, सर? नाही असं लिहा, म्हणजे तुमचं म्हणणं भक्कम होईल."

काशिनाथ शेजारीच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली नाही, पण नजरही वळवली नाही.

मी लिहिलं, "आहे. माझी चूल तिथे पेटती आहे."

बाईंनी ती ओळ वाचली. "सर, वर लोक हसतील. हे खोडता का?"

"नाही," मी म्हणालो. "एवढं राहू द्या."

बाहेर आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. काशिनाथ सातपूरच्या बसकडे वळला. मी पंचवटीच्या बाजूला गेलो. पुलापलीकडे भाजीबाजाराच्या मागे वखार आहे, तिथे ऐनाची मोळी काय भावाने मिळते ते विचारायचं होतं.